फादरनी विचारलेली दुसरी सही

लग्न मे महिन्यात झालं, आणि गणपतीची चवथ आली तरी मी कायद्याने बिनलग्नाचाच होतो. हे मला लग्न लावणाऱ्या भटजींनी नव्हे, आमच्या तुये गावच्या फादर मिंगेलांनी सांगितलं.

गोव्यात लग्नासाठी नोंदणी कचेरीत दोनदा जावं लागतं. पहिली सही म्हणजे 'आम्ही लग्न करणार'. मग कोणाचा आक्षेप असला तर त्यासाठी थोडे दिवस. मग दुसरी सही, की झालं लग्न. आमच्या दोन सह्यांच्या मधेच मुहूर्त आला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, दुसरी सही राहिली. कचेरीचं सगळं माझ्याकडे होतं, कारण घराण्यातला पहिला पदवीधर मी. (बाबा म्हणाले होते, "सहीचां काय ता एकदा विचार रे." मी म्हणालो होतो, "तुम्ही मांडवाचं बघा!")

लेकीच्या पहिल्या चवथीला माहेरहून फळाफराळाचं ओझं येतं. ते घेऊन सासू-सासरे हळर्णहून आले होते. फादरही दरवर्षीसारखे आमचा गणपती बघायला आले. ओझ्यातली एक नेवरी, म्हणजे करंजी, खाल्ली, दुसरी उचलली आणि सहज विचारलं, "दुसरी सही केली मरे?"

"भटजींनी लग्न लावलं ना, फादर. आता कसली सही?"

नेवरी ताटात परत गेली. "पुता, हांव इगर्जेत कचेरीच्या कागदाबगर कोणाचेंच लगीन लायना." (इगर्ज म्हणजे त्यांचं चर्च.)

सासरे पुढे सरकले. "म्हणजे आमचां चेडू बिनलग्नाचां रवलां?"

"तशें न्हय," फादर समजूत घालायला गेले. "अर्दें जालां."

त्या 'अर्द्या'ने सासूबाई मटकन पाटावर बसल्या.

सासरे ओझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यां जावयासाठी हाडलेलां. जावय खंय आसा?"

ओझ्याच्या करंड्या गाडीत परत गेल्या. पाठोपाठ बायकोही! (फादरांच्या पोटातली नेवरी तेवढी राहिली.)

आई म्हणाली, "ह्या घरात शिकलो तोय एकलोच, नि बिनलग्नाचो रवलो तोय एकलोच."

कचेरी उघडल्याबरोबर मी बायकोला फोन केला. "सही करायला ये गो."

"अशी कशी येतलंय? आधी मुलगी बघूक या. मोठ्या माणसाक घेवन."

बाबा रागाने येईनात. शेवटी मोठं माणूस म्हणून फादरच निघाले, माझ्या स्कूटरवर मागे बसून. हळर्णला ओटीवर आम्हाला पाहुण्यासारखं बसवलं. बायको डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली, आणि माझ्याकडे न बघता फादरना विचारलं, "मुलाचां आधी खंय जमलेलां?"

"एकदां जमिल्लें," फादर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "अर्देर रावलें."

"नि मुलगो कसो?"

"शिकिल्लो आसा. पूण सांगल्यार आयकता."

एवढ्या शिफारशीवर ती पेडण्याच्या कचेरीत आली. सोबत सासरेही, तोंड फुगवून. साहेबांनी तिला विचारलं, "स्वखुशीनं करताय ना?"

तिने आधी वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. फादरनी खिशातून जपमाळ काढली.

"दुसरां स्थळ येतां काय बघी होतंय," ती म्हणाली. "कोण येवंक ना. लिवा 'हो'."

कायद्याने माझा संसार उभा आहे तो ह्याच वाक्यावर.