ॲप जुनंच, बटन नवं

मंडळी, आज सकाळी अकोटच्या कापूस बाजारात नियम बदलला. आता वजनाच्या आधी ओलावा तपासतात. मी अकोल्यात बसून आमच्या कापूस विक्रीच्या ॲपच्या सर्व्हरवर तेवढी पायरी वाढवली.

थोड्या वेळानं शब्बीरचाचांचा फोन आला. ते कापसाची गाडी घेऊन तिथं रांगेत उभे होते. "बेटा, वजनाचं बटन गेलं अन् ओलाव्याचं आलं. मी तं ॲप अपडेटच नाही केलं."

"करायचंच नाही चाचा. दाबा ते."

आमचा सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत पुढं काय करता येते, त्याच्या लिंका पाठवते. ॲप फक्त त्यांची बटनं दाखवते. पायऱ्या ॲपमंदी पक्क्या लिहिल्या असत्या तं तिथल्या रडक्या नेटवर चाचांची गाडी आज अपडेटपायी अडकली असती.

दुपारी पुण्याचे आमचे साहेब मीटिंगमंदी पुन्हा म्हणाले, "या लिंकांचा उगाच भार होतो. वेग हवाय, काढून टाक."

मी म्हटलं, "नाही काढत. वेगच पाहायचा असन तं अकोटच्या रांगेत उभं राहून एक अपडेट डाउनलोड करून दाखवा, मंग बोलू."

मीटिंग तिथंच संपली. तुमच्या गावात अपडेट उतरते काय हो?