बिरदेवचा पहिला परिच्छेद

कळंब तालुक्यात कुठं फीत कापायची असली की दोन गोष्टी आधी मागवाव्या लागतात, कात्री आणि बिरदेव. कात्री एखाद्या वेळी आणायची राहते, बिरदेव राहत नाही. तसा तो शाळेत शिपाई. पण माईक हातात आला की मुख्याध्यापकसुद्धा त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. दुकानाचं उद्घाटन असो, निरोप समारंभ असो, पाहुण्यांची ओळख बिरदेवनंच करून द्यायची. आडत दुकानदार असला तर 'शेतकऱ्यांचा कैवारी', डॉक्टर असला तर 'देवदूत', आणि सांगण्यासारखं काहीच नसलं तर 'निगर्वी व्यक्तिमत्त्व'. आजवर त्यानं एकाही माणसाला दुखावलेलं नाही. आता एवढ्या वर्षांत कुणाविषयी खरं काही बोललाय, असंही नाही.

असा हा माणूस मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.त शेवटच्या टप्प्यावर अडकला होता. पदवी हातात पडली की शाळेतली कारकुनाची जागा त्याची. नाही पडली, तर जागा बाहेरच्या माणसाला आणि बिरदेव निवृत्तीपर्यंत घंटेजवळ. नोंदणीची मुदत याच वर्षी संपत होती. बाकी सगळे विषय सुटले होते. राहिला होता एका कथेवरचा समीक्षा-लेख आणि त्यावरची तोंडी परीक्षा.

कथा त्यानं निवडली ती तुळजापूरच्या नारायणरावांची, एका म्हाताऱ्या मेंढपाळाची. नारायणराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि जिल्ह्यातले जाणते कथाकार. बिरदेवनं कितीतरी मंचांवरून त्यांना 'मराठवाड्याचं भूषण' म्हटलं होतं, त्यांची एक ओळही न वाचता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अभ्यासकेंद्रात मार्गदर्शक शामला मॅडमनी त्याचा लेख उघडला आणि पहिल्याच पानावर चष्मा काढला.

"बिरदेव, हे काय आहे?"

"प्रास्ताविक, मॅडम."

"यात पृथ्वीची उत्पत्ती आली, मराठी भाषेचा गोडवा आला, आई भवानी आली, लेखकाचं जन्मगाव आलं. कथा कुठं आली?"

"येतीय की. तिसऱ्या पानावर."

"तिथवर परीक्षक जागा राहील का? अहो, सुरुवातीला एवढंच सांगायचं. कथा कुठली, तुम्हाला तिच्यात काय दिसलं आणि पुढं तुम्ही काय दाखवून देणार."

"चांगली हाय की कथा. लई चांगली."

"असं तुम्ही फर्निचरच्या दुकानालाही म्हणता. वाचताना खटकलं काय, ते सांगा."

खटकलं होतं. बिरदेवचा बाप गुंडाप्पा जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, त्यामुळं पहिल्या वाचनातच खटकलं होतं. पण ते त्यानं फक्त बायकोला, शिवकन्येला सांगितलं होतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली होती, "मग तेच लिवा की. का कथेलाबी हारतुरे घालताय?"

मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. बिरदेव बाकावर बसला, दोनदा पेन झटकलं आणि लिहिलं :

'या कथेत मेंढ्याचं नाव सरदार आहे, मेंढीचं चांदी आहे, कुत्र्याचं मोती आहे. ज्याची ही कथा आहे तो मेंढपाळ मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसता म्हातारा आहे. लेखकाला त्याची दया येते, पण त्याची ओळख करून घ्यावीशी वाटत नाही. या कथेतली करुणा दुरून आलेली आहे, हे मी तीन प्रसंगांवरून दाखवणार आहे.'

मॅडमनी वाचलं. "आता कसं बोललात!" पुढचे तीन प्रसंग त्याच्या आधीच्या पानांत विखुरलेले होतेच. ते ओळीनं लावून त्यानं दुपारपर्यंत लेख नीट उतरवून काढला. जन्मात पहिल्यांदा आपण काहीतरी बोललो, असं त्याला वाटत होतं.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. धाराशिवहून येणारे परीक्षक तापानं आडवे झाले होते, पण बदली परीक्षक निघालेत, पोचतीलच. आणि खरंच, काठी टेकवत दारातून आत आले ते नारायणराव.

बिरदेव मॅडमच्या कानाशी लागला.

"मॅडम, जुनं पान पिशवीत हाय माझ्या. बदलू का?"

"लेख तुमचा आहे," मॅडम म्हणाल्या. पण नजर चुकवली.

त्यानं जुनं पान बाहेर काढलं. 'मराठवाड्याचं भूषण' पहिल्याच ओळीत हात जोडून उभं होतं. त्यानं घाईघाईनं खालपर्यंत नजर फिरवली. पृथ्वी होती, भाषा होती, भवानी होती. मेंढपाळ कुठंच नव्हता. मेंढपाळाच्याच पोरानं लिहिलेलं, आणि त्यात मेंढपाळ नाही! बिरदेवला स्वतःचीच लाज वाटली. पान त्यानं पिशवीत कोंबलं.

आत बोलावणं आलं. नारायणरावांनी हसून लेख घेतला. "अरे बिरदेव, तू! वा!" मग वाचू लागले. हसू आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून.

"करुणा दुरून आलेली?"

"व्हय सर."

"म्हातारा हा शब्द मायेचा असतो रे. आपण घरात म्हणत नाही का?"

"म्हणतो की सर. पण त्याच घरात त्याचं नावबी सगळ्यांला ठावं असतंय."

नारायणरावांनी लेखावर बोट आपटलं. "ही कल्पना नाही. खरा माणूस होता तो. नळदुर्गच्या रस्त्यावर भेटायचा. त्याच्या शेजारी बसून चहा प्यायलोय मी, कितीदा तरी!"

बिरदेवला गप्प बसायचं होतं. कारकुनाची खुर्ची डोळ्यांपुढं तरंगत होती. पण तोंड आता सुटलं होतं.

"काय नाव व्हतं त्यांचं, सर?"

नारायणरावांनी खिडकीकडं बघितलं. काठी या हातातून त्या हातात घेतली.

"विचारलं नव्हतं," ते हळूच म्हणाले.

मग ते पुन्हा लेखाकडं वळले. एकेक पान, एकेक प्रसंग, कुठं चूक सापडते का अशा नजरेनं. बिरदेव त्यांच्या पेनाच्या टोकाकडं बघत उभा. अखेर पेन गुणांच्या रकान्यात टेकलं.

"माझं एकमत नाही," नारायणराव म्हणाले. "माझी करुणा दुरून आलेली नाही, हे मी भांडून सांगेन. पण तू म्हणणं मांडलंस आणि पुरावे दिलेस. तुला नापास करायला कारण सापडत नाही. आणि मी शोधून पाहिलंय."

बिरदेव बाहेर आला. शामला मॅडम धावत आल्या.

"काय झालं?"

"पास झालो, मॅडम." त्यानं कपाळ पुसलं. "पर सर आज जेवायचे न्हाईत."