घोंगडीवर ठेवलेली वही

नवरा गेला त्या वर्षापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. टाकलं म्हणजे टाकलंच. सासूबाई म्हणायच्या, अगं, निदान दिवा तरी लाव. मी म्हणायची, दिवा लावते, पण बोलणार नाही; आधी त्यानं माझ्याशी बोलावं. माझं डोकं मुळातच तापट, हे आज कबूल करायला मला लाज वाटत नाही. ट्रेनिंग करून मी मास्तरीण झाले आणि खानापूरच्या पुढं, माणदेशाच्या अंगाला, एका धनगरवाडीच्या शाळेवर हजर झाले. शाळा म्हणजे एक खोली आणि मी. तिकडं पाऊस नाही, आणि अर्धं वर्ष पोरंही नाहीत, कारण मेंढरं चारायला घरंच्या घरं नदीकाठाकडं निघून जातात. परत आली की शिकवलेलं सगळं पुसलेलं असायचं. मी चिडायची, छडी उगारायची. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एकदा बिरोबाच्या देवळापुढं वाडीतले बाप्ये ओव्या म्हणायला बसले. ते त्याला सुंबरान मांडणं म्हणतात. एकानं ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची, आणि मग दुसऱ्या कुणीतरी तिला आपली ओळ जोडायची. ती जोडायलाच पाहिजे, नाहीतर सुंबरान अडतं. बघते तर ज्यांना तीनचा पाढा येत नव्हता ती माझीच पोरं बापांच्या मांडीला मांडी लावून ओळीमागून ओळ न चुकता म्हणत होती. त्या दिवशी मी छडी चुलीत घातली. त्याच चालीवर पाढे बांधले, भूगोल बांधला. लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून जुन्या हजेरीपत्रकांची पाठकोरी पानं शिवून वही केली. पुढच्या खेपेला पोरं मेंढरांमागनं परत आली ती पाढे म्हणतच आली. मला वाटलं, आता मला कोण अडवतंय.

अडवणारे आले तपासणीला. डिपुटीसाहेबांनी कृष्णा नदी विचारली आणि सगळा वर्ग हात उंचावून गायला लागला. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, शेरेबुकात 'शाळेत देवळातला धिंगाणा चालतो' असं लिहिलं, आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "बाई, मार्गशीर्षात कराडला शिक्षकांचं संमेलन आहे. तिथं सगळ्यांसमोर चूक कबूल करायची, ती वही माझ्या हाती द्यायची आणि यापुढं पुस्तकातलंच शिकवायचं. नाहीतर कोयनेच्या खोऱ्यात बदली. आहे कबूल?" संताप एवढा आला होता की तोंड उघडलं असतं तर नोकरी तिथंच गेली असती.

संमेलनाला गेले ती मनात चरफडतच. मांडवात पहिला सबंध दिवस भाषणं झाली. शिस्त, हस्ताक्षर, पुन्हा शिस्त. आम्ही चार-पाच बाया एका कडेला बसलेल्या. कुणी आम्हाला काही विचारलं नाही, आणि साहेब मात्र दोनदा येऊन 'उद्याचं लक्षात आहे ना' म्हणून गेले. खरं सांगते, मी त्या दिवशी हरले होते. बदलीची भीती नव्हती. मी गेल्यावर पोरांचं काय, हे मला खात होतं. दुसरा मास्तर तिथं टिकलाच नसता. चूक कबूल करायची असं मी ठरवलं. पण वही त्या माणसाच्या हाती? छे. ज्याला ती कळत नाही त्याच्या हाती देण्यापेक्षा नदीला दिलेली बरी.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी कृष्णा-कोयनेच्या संगमावर गेले. धुकं उतरलेलं, घाटावर तुरळक माणसं. पायरीवर उभी राहिले आणि इतक्या वर्षांनी देवाशी बोलले. बोलले कसली, भांडले. म्हटलं, नवरा नेलास, गप्प बसले. आता हेही घे, आणि एकदाचं सांग, तुझं पोट भरलं का? रडायला येत होतं आणि रडायचं नव्हतं.

"पोथी बुडवाय निगालीस व्हय, बाय?"

मागं एक म्हातारा धनगर उभा होता. डोक्याला तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडी, खाली वाळूत त्याची मेंढरं पाणी पीत होती. मी म्हटलं, "बाबा, पोथी नाही, शाळेचा भूगोल आहे." तो म्हणाला, "वाच की जरा." का कोण जाणे, मी वाचलं. वाचता वाचता चाल लागली.

महाबळेश्वरी जन्मली कृष्णा, वाईला न्हाली गं,
माहुलीच्या संगमावर वेण्णा आली गं,
कराडात कोयना म्हणती, मी बी येते गं.

म्हाताऱ्यानं हात करून मला थांबवलं. खांद्यावरची घोंगडी काढून पायरीवर अंथरली, वही माझ्या हातातून घेऊन तिच्यावर ठेवली, कनवटीचा भंडारा काढून चिमूटभर वाहिला आणि डोकं टेकलं. मी घाईनं म्हटलं, "आवं बाबा, हे देवाचं नव्हं." तो म्हणाला, "नदीचं हाय न्हवं? मग देवाचं न्हाई तर कुनाचं?" आणि कानावर हात ठेवून त्यानं माझ्या ओळीला ओळ जोडली.

आलीस तर ये गं बाई, म्होरं जरा बघ गं,
माणदेशी मेंढरू तान्हेलं, त्याला पाजून जा गं.

सबंध नदी मी पाठ करून घेतली होती, गावंच्या गावं ओवीत घातली होती, आणि ज्यांच्यासाठी घातली त्या माझ्या पोरांच्या मुलखाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. हे साहेबांना दिसलं नाही, मलाही नाही. मी घळाघळा रडले. म्हाताऱ्यानं समजूत वगैरे काही घातली नाही. "म्होरली वळ कवा मांडतीस?" एवढंच विचारलं, घोंगडी झटकली आणि मेंढरं हाकत धुक्यात गेला. तो कोण, कुठला, मी विचारलं नाही. मला माझं उत्तर मिळालं होतं; ज्यानं आधी बोलावं म्हणून मी अडून बसले होते, तो बोलला होता.

दुपारी मांडवात साहेबांनी माझं नाव पुकारलं. मी उठले, पदर खोचला, आणि चूक कबूल केली. म्हटलं, "माझी चूक झाली. ओव्या अपुऱ्या होत्या. आज पुऱ्या करते." आणि गायले. म्हाताऱ्याच्या ओळीही गायले, तिथंच थांबले आणि म्हटलं, "आता पुढची कुणीतरी मांडा." जो तो शेजाऱ्याकडं बघायला लागला. साहेबांचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, संपलं. मग मागनं दहिवडीकडच्या एका पिकल्या मिशांच्या मास्तरांनी घसा खाकरून ओळ मांडली. मग आणखी एकानं. माझ्या शेजारच्या, दोन दिवसांत चकार शब्द न बोललेल्या बाईंनी बसल्याजागी तिसरी मांडली. गलक्यातच साहेब माझ्याजवळ आले. "वही द्या." मी म्हटलं, "नाही देणार. बदली द्या."

आठवड्यात हुकूम आला. वाडी सोडताना छाती फुटायची राहिली होती, ते खोटं कशाला सांगू? पण पोरांच्या तोंडातल्या ओव्यांची बदली करणारा साहेब अजून जन्मायचा आहे.

देवापुढं मान झुकवायची म्हणजे सगळ्यांपुढंच झुकवायची, असं मला वाटायचं, म्हणून मी त्याच्याशीही ताठच वागले. ते चुकलंच. आता त्याच्यापुढं वाकते, आणि खरं सांगायचं तर तिथं वाकल्यापासून बाकीच्यांची भीती वाटेनाशी झाली आहे. त्याचे उपकार मानते, भांडतेही. कोयनेकाठची नवी शाळा ऐन डोंगरात. इथल्या पोरांना ना धनगरी ओवी ठाऊक, ना तिची चाल; त्यांची गाणी वेगळी, ती मला ठाऊक नाहीत. पहिल्या दिवशी मला बघून सगळी भिंतीला चिकटून उभी राहिली. मी फळ्याकडं गेलेच नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "आधी तुम्ही म्हणा. मी मागनं म्हणते."