शिक्का बघणारी मावशी

मावशीला अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं, पण कापडावरचा शिक्का बघून ते कुठल्या गिरणीचं हे ती बिनचूक सांगायची. पोपटाची गिरणी, हत्तीची गिरणी, जहाजाची गिरणी. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत ती सगळ्यांचीच मावशी, आणि स्वतः गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला.

लग्न होऊन मी चाळीत आले, त्या दिवाळीला ती मला कोपऱ्यावरच्या वामनशेठच्या दुकानात घेऊन गेली. एक हिरवं लुगडं माझ्या मनात भरलं. मावशीनं त्याचं टोक उलटून शिक्का बघितला आणि घडी परत ठेवली. "ह्या गिरणीत बायकांका कामावरून काढून घरी बसवतत, असा ऐकलंय. आदी इचारून येतंय." दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी ती खरंच त्या गिरणीच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. बातमी खरी निघाली. माझं हिरवं लुगडं गेलं ते गेलंच, आणि मी दोन दिवस धुमसत होते. वामनशेठ मात्र हसायचा. "मावशी, पोलिसांत जायला हवं होतं तुम्ही," म्हणायचा आणि ती नको म्हणेल तो माल दुकानात ठेवणं हळूच बंद करायचा.

कुणी काही सांगितलं की तिचा एकच प्रश्न असे, "तुका कोणी सांगल्यान? तेना सोताच्या डोळ्यांनी बघल्यान काय?" म्हणूनच तिच्या शब्दावर चाळ डोळे मिटून चालायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एका हरताळाला लाठीमार झाला आणि मावशीच्या भाच्याचं डोकं फुटलं. एका सोबत्यानं ते फडक्यानं बांधून त्याला परळच्या इस्पितळात पोचवलं. भाचा शुद्धीवर नव्हता, तेव्हाच नळावर बातमी आली: सगळी दुकानं बंद असताना वामनशेठनं फळी उघडून धंदा केला. मावशी नुकतीच इस्पितळातून आली होती. कोणी सांगितलं, कोणी बघितलं, काही विचारलं नाही. "तेच्या दुकानाची पायरी चढू नकात," एवढंच म्हणाली.

कुणीच चढलं नाही. मीही नाही. वामनशेठ एकदा आमच्या मजल्यावर आला. "मावशी, ऐकून तरी घ्या." तिनं दार लावून घेतलं. पुढच्या दिवाळीच्या आधीच दुकानाला कुलूप लागलं आणि तो गावी निघून गेला.

भाचा बरा झाला. त्याच्या डोक्याचं ते फडकं मावशीनं तेव्हा नीट न बघताच धुऊन ट्रंकेत टाकलं होतं. एका दुपारी आवराआवर करताना ते हाती आलं आणि तिनं सवयीनं टोक उलटून बघितलं. डाग फिकटले होते, कोपऱ्यात पोपट होता. आमच्या गल्लीत पोपटाचं कापड एकट्या वामनशेठकडे मिळायचं. भाच्याला उचलून नेणारा सोबती चळवळीतच पकडला गेला होता, तो नुकताच तुरुंगातून सुटला होता. मावशी तडक त्याच्याकडे गेली. त्यानं सांगितलं, वामनशेठनं फळी उघडली ती कोरा तागा फाडून जखमींना पट्ट्या द्यायला.

संध्याकाळी नळावर सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "मी चुकलंय. ह्याच्यापुढे माका इचारू नकात. सोता जावन इचारा." मला फार वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि स्वतःसाठीही. मग वामनशेठचं गाव कोणतं, हे ती गिरगावपासून दादरपर्यंतच्या कापडवाल्यांना विचारत फिरली. कुणालाच सांगता आलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी चाळभर पणत्या लागल्या. मावशीनं त्यातली एक उचलली, कुलूप लागलेल्या दुकानापाशी गेली आणि पायरी चढून ती फळीशी ठेवली. मी तिच्याबरोबर गेले होते, पण खालीच उभी राहिले. मला ती पायरी चढवेना.