टेकडीवरची शेळी

लेक पहिलीत असताना तिनं वहीत एक चित्र काढलं. हिरवी टेकडी, तिच्यावर पांढरी शेळी, मागे निळं आभाळ, कोपऱ्यात पिवळा सूर्य. "आई, माझ्या ब्लँकेटवर हेच पाहिजे." मला साधे स्वेटर विणता यायचे, त्या जोरावर मी हो म्हणून बसले.

मोबाइलवर बघितलं. प्रत्येक रंगाच्या तुकड्याला लोकरीचा वेगळा गुंडा लावायचा होता. आठवडाभर विणून उचलून धरलं, तर शेळी टेकडीपासून सुटलेली! जिथे रंग बदलला, तिथे उभ्या फटी. लेकीनं एका फटीतून हात घालून मला टाटा केला.

ते बोचकं घेऊन मी उल्हासनगरला लोकरीच्या दुकानात गेले. गल्ल्यावरच्या सिंधी काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बेटा, रंग बदलताना दोन्ही धागे मागे एकमेकांत घ्यायचे. हाथ मिलाओ इनका!"

स्टुलावर बसवून त्यांनी माझ्याकडून चार ओळी विणून घेतल्या. एकही फट नाही. घरी येऊन मी सगळं उसवलं आणि पुन्हा विणायला घेतलं.

आता मागे लोंबणारे सात गुंडे एकमेकांत अडकायला लागले. माझे सासरे अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. सासूबाई गेल्यापासून ते कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर पेपर धरून गप्प बसायचे. मी वैतागून कात्री उचलली, तसे म्हणाले, "थांब. तोडू नकोस."

त्यांनी पुठ्ठ्याच्या सात फिरक्या कापल्या, त्यांवर लोकर गुंडाळली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी टेबलाच्या कडेला टांगल्या. मग म्हणाले, "ओळ संपली की विणकाम एकदा डावीकडून फिरव, एकदा उजवीकडून. पीळ आपोआप सुटेल."

आणि खरंच सुटला! वीस वर्षं विणतेय, पण हे कधी सुचलं नव्हतं.

मग रोज दुपारी ते चित्र उतरवलेल्या ग्राफ पेपरवर पट्टी ठेवून समोर बसायला लागले. "निळे चौदा. आता पांढरे अकरा. अगं, अकरा म्हटलं!" मधेच कारखान्यातले किस्से निघायचे, आम्ही हसायचो आणि टाके चुकायचे.

एक दिवस म्हणाले, "शेपटीची ओळ मला दे." मी शिकवलं. जाड बोटांनी अर्धा तास झुंजून त्यांनी ओळ पुरी केली. शेपटी आवळून वर उभी राहिली. मी ती तशीच ठेवली.

ब्लँकेट झालं. शेजारीण म्हणाली, "कुत्रा छान आलाय!" लेक दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

गेल्या रविवारी सासरे स्वतःच जाऊन मरून रंगाची लोकर घेऊन आले.

"मफलर करतो," म्हणाले. "एकाच रंगाचा. डोक्याला ताप नको."