टेलरकाकूंच्या दुकानातली खोकी

गल्लीतल्या सगळ्यांची मापं टेलरकाकूंना तोंडपाठ होती. कुणाचा डावा खांदा उतरलेला, कुणाचं पोट दरवर्षी कसं पुढे सरकतंय, सगळं! पण कापड घेऊन येतंय कोण? हल्ली दुकानात यायची ती खोकी. माणसं ऑफिसात, दाराला कुलूप, म्हणून ऑनलाइन मागवलेले तयार कपडे काकूंकडे उतरायचे. "काकू, पार्सल तेवढं ठेवून घ्याल?" आणि काकू मुकाट्याने ठेवून घ्यायच्या. पोटावर पाय देणाऱ्यांच्याच सामानाची राखण! चांगुलपणालाही काही मर्यादा असावी की नाही? सासूबाईंच्या हातची जुनी मशीन त्या खोक्यांमागे पार दिसेनाशी झाली होती.

जागेच्या मालकाने तर तोंडावर सांगितलं होतं, "वहिनी, इथे शिवण कमी आणि खोकीच जास्त. महिनाअखेरपर्यंत हेच चाललं, तर जागा गोदामाला देतो." मुलगी म्हणाली, "आई, आता बस झालं, माझ्याकडे ये." काकूंनी तिला उडवून लावलं, पण झोप उडाली ती उडालीच.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी कार्यक्रम ठरवला: 'आपल्या गल्लीचे कारागीर'. इस्त्रीवाला, चावीवाला, केस कापणारा आणि काकू, सगळ्यांचा सत्कार. काकू हरखल्या. चला, आपली आठवण आहे म्हणायची! मालकालाही आमंत्रण होतं. गल्लीला आपल्या कामाची किंमत आहे हे तो डोळ्यांनी बघेल, असं त्यांना वाटलं.

आदल्या संध्याकाळी सेक्रेटरी आपलं पार्सल न्यायला आले. काकूंनी ते आठवडाभर सांभाळलं होतं. सेक्रेटरींनी तिथेच खोकं फोडलं. आत कार्यकर्त्यांसाठी जाकिटं, पाठीवर ठळक अक्षरांत 'आपल्या माणसांना काम द्या'. त्यांनी एक अंगात घातलं, तर बटण काजापर्यंत पोहोचेना.

"काकू, सगळीच घट्ट आलीत हो. उद्यापर्यंत जरा मोकळी करून द्या. तुमच्या हातचा मळ आहे."

काकूंनी जाकीट उलटं केलं. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, माया म्हणतात तिला. ती बोटभरसुद्धा नव्हती. मोकळं करणार काय, कपाळ?

"ही शिवायला मला का नाही सांगितलंत?"

"खरं सांगू? तुम्ही अजून शिवता, हे डोक्यातच आलं नाही."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेहमी या दारातून पार्सल नेणारा माणूस हे बोलतो! गळ्यात टेप अडकवून काय त्या शोभेला बसल्या होत्या? त्यांनी खोकं उचललं, पायरीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "न्या."

सत्काराला काकू गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पार्सलवाला आला, तेव्हा त्याला म्हणाल्या, "आजपासून इथे काही ठेवायचं नाही. आहेत ती खोकीही परत ने." आणि खोकी गेलेल्या जागेत मशीन ओढून थेट दारात आणली.

संध्याकाळी गल्ली चवताळून आली, सेक्रेटरी सगळ्यांच्या पुढे. पार्सलं परत गेली होती ना! कडेला मालकही गंमत बघत उभा होता.

"काकू, दुकान उघडं असून पार्सल घेत नाही, म्हणजे काय?"

काकूंनी मशीनवरचा पाय उचलला.

"दिसलं का दुकान उघडं? मग कापड आणा. मापं माझ्याकडे आहेत."