मणीचा श्वास

‘मूच्चू विडु, कण्णा’, म्हणजे श्वास सोड रे बाळा, असं म्हणत डॉक्टरम्मा माझ्या कुत्र्याच्या, मणीच्या, बरगड्यांवर बोटांनी टकटक करायच्या. फणस घेताना आपण वाजवून बघतो ना, तसं.

सरकारी दवाखान्यात त्या जनावरांच्या डॉक्टर. तंजावुरात राजवाड्यामागे आमच्याच गल्लीत राहायच्या. घरच्या मराठी, माझ्याशी मराठीत बोलायच्या, जनावरांशी मात्र तमिळमध्ये.

मणीला धाप लागायची म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी छातीतून तांब्याभर गुलाबी पाणी काढलं, थोडं तपासायला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा मला समोर बसवून म्हणाल्या, “अण्णा, फुफ्फुसात नाही, छातीच्या आतल्या अस्तराला गाठी आहेत. बरं होणार नाही. पाणी भरलं की काढायचं, तेवढंच आपल्या हातात.”

दर आठवड्याला त्या येऊ लागल्या. आणि माझं बिनसू लागलं.

बायको गेल्यावर घरात मराठी कळणारा मणी एकटाच उरला होता. नातवंडं चेन्नईत, फोनवर तमिळ बोलतात. दहा वर्षं मी त्याला माझ्या हाताने दहीभात भरवला. आता माझ्या हातचा घास तो हुंगून सोडायचा आणि डॉक्टरम्मांच्या हातचा चाटूनपुसून खायचा. सुई टोचून झाली की त्यांच्याच खांद्यावर हनुवटी टेकून डोळे मिटायचा. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला ते गोड वाटलं असतं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मी फोन करून खोटंच सांगितलं, “बरा आहे, या आठवड्यात येऊ नका.” दोन दिवस तो फक्त माझा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची जीभ निळी पडली.

त्या धावत आल्या. पाणी काढून झाल्यावर विचारलं, “अण्णा, का असं केलंत?”

“तो तुमचाच झालाय,” मी म्हणालो.

रागावतील असं वाटलं. पण हात धुता धुता म्हणाल्या, “मला बघितलं की गल्लीतली सगळी जनावरं पळतात. हा एकच पळत नाही. तेवढं मला घेऊ द्या की.”

शेवटच्या दुपारी त्यांनी मणीचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. तो मान वळवून दाराकडे बघत राहिला. थोडा वेळ मी न बघितल्यासारखं केलं. मग हाक मारली, “डॉक्टरम्मा, आत या. तो तुम्हाला शोधतोय.”

पुढच्या वर्षी त्यांची नागरकोविलला बदली झाली. तिकडेही घरोघर जातात असं ऐकतो. तिथल्या कुठल्यातरी धापा टाकणाऱ्या कुत्र्याचा आता मला हेवा वाटतो.